ठिगळाचा पत्रा

पद्मिनीचा सायलेन्सर गेला तो पुरानंतर.
पाणी सीटपर्यंत चढलं नव्हतं,
नुसतं खालून आलं, पाइपात शिरलं
आणि आठ दिवस तिथंच राहिलं, भाडं न देता.
पुढच्या उन्हाळ्यात गाडी सुरू केली की
गणपती पेठेतली कबुतरं उठायची.

जयपालनी गोडेतेलाचा डबा कापला,
पत्रा गुंडाळला, तारा आवळल्या,
म्हणाले, चालतंय की.
चाललं. चार वर्षं चाललं.
दर रविवारी तासगावला, नणंदेकडं,
माधवनगर, बुधगाव, कवलापूर,
आणि मागच्या सीटवरून पुढं वाकून
एकटाच बोलणारा तो आवाज, पाहुण्यासारखा.
आम्ही पाणी खुणेनं मागायचो,
काच खुणेनं वर करायचो.

एकदा कवलापूर सोडल्यावर,
द्राक्षाच्या बागा लागतात तिथं,
समोर बघतच ते म्हणाले,
'दुकानातला वाटा भूपालला लिहून दिला.
सोमवारी सही झाली.'
मी म्हटलं, 'काय?'
'काही नाही.'
गिअर टाकला.

मला ऐकू आलं होतं.
सोमवारसकट.
पण 'काय?' म्हटलं की
दुकान आणखी थोडे दिवस आपलंच राहतं,
तांब्याच्या घागरी, पितळी डबे,
गल्ल्याशेजारची त्यांची उशी,
सगळं जागच्या जागी.
मी दीड वर्ष 'काय?' म्हणत राहिले.

कुपवाड रस्त्याला दस्तगीर मुल्लाचं गॅरेज.
पोतं अंथरून तो गाडीखाली गेला
आणि खालूनच बोलला,
'वैनी, ठिगळ कशाला लावलंय म्हणायचं?
पाइप न्हाईच की हितं.
नुसता गंज धरून बसलाय एकमेकाला.'
त्याचा पोरगा अश्पाक म्हणाला,
'काका, मोठा बसवू का? बुलेटवानी बोलंल.'
जयपाल हसले.
कितीतरी महिन्यांनी हसले,
आणि मान हलवून नको म्हणाले.

तीन बोल्ट. दोन डिझेल पिऊन सुटले,
तिसऱ्यानं डोकं टाकलं,
ड्रिल मारून त्याला काढावं लागलं.
जुना सायलेन्सर उपडा केला तर
मुठीएवढा गाळ पडला,
भाजून विटेसारखा झालेला.
कृष्णाच ती. आम्ही दोघं बघत राहिलो.
मग नवं पॅकिंग, नवे क्लॅम्प, नवी रबरं,
कोल्हापूरहून आलेला काळा कुळकुळीत सायलेन्सर,
लेबल तसंच चिकटलेलं.
दस्तगीरनं पाइपच्या तोंडाशी तळवा धरला,
डोळे मिटले.
'आता दम लागत न्हाई तिला,' म्हणाला.

रविवारी निघालो.
माधवनगर आलं, गेलं.
त्यांचं नाक वाजतं, हे मला कळलं.
माझ्या बांगड्या दाराच्या कडीला लागतात,
हे त्यांना कळलं असावं;
मी हात मांडीवर घेतला.
बुधगाव. कुणीच काही मागितलं नाही.
पाणीसुद्धा नाही.
इतकी शांतता घेऊन दोघांनी बसायचं कसं,
ते दस्तगीरनं काही सांगितलं नव्हतं.

कवलापूरच्या पुढं डिकीत काहीतरी खडखडलं.
'काय वाजतंय?'
'पत्रा. डब्याचा.'
'टाकला नाहीस?'
'असू दे म्हटलं.'
बागा लागल्या.
कुणीतरी औषध फवारत होतं, वास आत आला.

'त्या दिवशी ऐकलं होतं मी,' मी म्हटलं.
'सोमवार म्हणालात.'

समोर उसाची ट्रॉली होती.
त्यांनी हॉर्न दिला नाही,
गिअरही बदलला नाही.
तिच्या मागून हळूहळू जात राहिलो.
खड्डा आला की मागं पत्रा वाजायचा,
खड्डा संपला की
ते बोलायचे.